अर्ध्या मिलिकेल्विनवरचं बिस्मथ आणि अतिसंवाहकतेचा सिद्धांत

निवृत्त_मास्तर (धागाकर्ता)

मंडळी, तालुक्याच्या कॉलेजात ३१ वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त झालो तरी अतिसंवाहकता, म्हणजे थंड केल्यावर पदार्थाचा विद्युतरोध पूर्ण नाहीसा होणं, हा विषय काही सुटलेला नाही. परवा नात म्हणाली, "आजोबा, खोलीच्या तापमानाला चालणारा अतिसंवाहक सापडला की सगळा सिद्धांत नव्याने लिहायला लागेल ना?" मी नाही म्हणालो. का नाही, हे सांगता सांगता तासभर गेला, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

माझं म्हणणं असं, की तापमानाचा विक्रम आणि सिद्धांताची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजवरचे सगळ्यात 'उष्ण' अतिसंवाहक १९५७ च्या जुन्या सिद्धांतात व्यवस्थित बसतात. त्या सिद्धांताला खरा पेच टाकणारा एक पदार्थ मात्र निरपेक्ष शून्याला (उणे २७३ अंश सेल्सिअस, केल्विन मोजपट्टीचा शून्य) इतका चिकटून अतिसंवाहक होतो की व्यवहारात त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि तो प्रयोग झाला आपल्या मुंबईत, कुलाब्याला.

आधी थोडी उजळणी. १९११ साली लायडनला कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा ४.२ केल्विनच्या आसपास थंड केला आणि त्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा झाला. १९३३ मध्ये माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवलं, की असा पदार्थ पोटातलं चुंबकीय क्षेत्रही बाहेर ढकलतो. कारण मात्र कुणाला सापडेना. आइन्स्टाइन, बोर, हायझेनबर्ग, फाइनमन अशा सगळ्यांनी डोकं लावून पाहिलं. उत्तर आलं १९५७ मध्ये, अमेरिकेत इलिनॉयला, बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांकडून. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला बीसीएस म्हणतात. १९७२ चं नोबेल त्यासाठीच.

वर्गात मी ते असं सांगायचो. पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी गेली की मागे चाकोरी उरते आणि मागून येणारी गाडी आपसूक त्याच चाकोरीत उतरते. इलेक्ट्रॉन धातूतून जाताना आजूबाजूचे धन आयन त्याच्याकडे जरासे ओढले जातात. आयन इलेक्ट्रॉनपेक्षा हजारो पटींनी जड, त्यामुळे ते सावकाश सरकतात आणि सावकाशच जागेवर येतात. तोवर पहिला इलेक्ट्रॉन कुठल्या कुठे पोचलेला असतो. मागे धन भाराची थोडी दाटी उरते, तिकडे दुसरा ओढला जातो. एरवी दोघे एकमेकांना दूर लोटणारे, पण एकाच जागी एकाच वेळी नसल्यामुळे ती लोटालोटी टळते आणि जोडी जमते. या चाकोरीत जालकाचा, म्हणजे आयनांच्या जाळीदार मांडणीचा, हात आहे याचा पुरावा १९५० मध्येच मिळाला होता. पाऱ्याचे जड समस्थानिक (मूलद्रव्य तेच, अणू जड) घेतले तर अतिसंवाहक होण्याचं तापमान थोडं खाली येतं. कंप पावणाऱ्या आयनांचं वजन बदललं की तापमान बदलतं, याहून स्पष्ट साक्ष कोणती?

आता मुद्द्याचं. हे सगळं एका अटीवर उभं आहे. चिखल गाडीच्या मानाने खूप सावकाश भरला पाहिजे. नेमकं सांगायचं तर इलेक्ट्रॉनांची फर्मी ऊर्जा (त्यांच्यातल्या सगळ्यात वरच्याची ऊर्जा) जालकाच्या कंपनांच्या ऊर्जेपेक्षा कितीतरी मोठी हवी. शिसं, कथील, पारा, नायोबियम या सगळ्यांत ती शेकडो पटींनी मोठी असते, म्हणून एरवी त्या अटीचा कुणी विचारही करत नाही.

बिस्मथमध्ये ही अटच टिकत नाही. तो अर्धधातू आहे. तांब्यात दर अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन, तर बिस्मथमध्ये साधारण १ लाख अणूंमागे एक भारवाहक. म्हणून फर्मी ऊर्जा इतकी खाली येते की ती जालकाच्या कंपनांच्या पंगतीला जाऊन बसते. वेडावाकडा, अस्फटिकी बिस्मथ ६ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. शुद्ध स्फटिक मात्र दाद देत नव्हता.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाने अत्यंत शुद्ध एकस्फटिक घेतला आणि तो ०.५३ मिलिकेल्विनला अतिसंवाहक होतो असं दाखवलं. निबंध २०१६ च्या अखेरीस 'सायन्स'मध्ये आला. ०.५३ मिलिकेल्विन म्हणजे एका अंशाचा जवळपास दोन हजारावा भाग! तिथवर पोचायला द्रव हेलियम पुरत नाही. हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणाचा शीतक लागतो. मग तांब्याची अणुकेंद्रं जोरदार चुंबकीय क्षेत्रात रांगेला लावायची आणि ते क्षेत्र हळूहळू उतरवायचं. आणि ही अवस्था टिकते जेमतेम ५.२ मायक्रोटेस्लापर्यंतच्या क्षेत्रात. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच त्याच्या सात-आठ पट आहे. म्हणजे नमुन्यापासून पृथ्वीला दूर ठेवण्याची सोय केली नसती, तर हे कधी दिसलंच नसतं.

आता दुसरं टोक बघा. २०१५ मध्ये जर्मनीत माइन्झला हायड्रोजन सल्फाइड सुमारे १५ लाख वातावरणांच्या दाबाखाली २०३ केल्विनला अतिसंवाहक झाला. २०१९ मध्ये लॅन्थॅनमचं हायड्राइड २५० केल्विनला, म्हणजे उणे २३ अंश सेल्सिअसला. घरच्या फ्रीजरपेक्षा थोडंसंच थंड. तिथे यंत्रणा कोणती? तीच चाकोरी. हायड्रोजन सगळ्यात हलका, म्हणून कंपनं जोरकस, म्हणून तापमान वर. गंधकाच्या त्या हायड्राइडचं तापमान तर २०१४ मध्येच जवळपास अचूक वर्तवलेलं होतं.

म्हणून विचारतो, 'सिद्धांत नव्याने' म्हणताना आपण नेमकं काय बदलायचं म्हणतो? जोडी, चाकोरी, की चिखलाची अट? माझं मत तिसऱ्याकडे झुकतं. तुम्हाला काय वाटतं?

---

वाचतो_बापडा

वाचनखूण साठवली. चाकोरी डोक्यात पक्की बसली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

सुरंगी

मास्तर, मी वाणिज्य शाखेची, तरी सगळं कळलं असं वाटतंय. दोन शंका आहेत. एक, तांबं, चांदी, सोनं इतके चांगले वाहक, मग ते अतिसंवाहक म्हणून कधी ऐकू येत नाहीत, ते का? दोन, बिस्मथमध्ये चाकोरीच उरत नसेल तर जोडी जमते कशी?

---

निवृत्त_मास्तर

सुरंगीताई, पहिली शंका वर्गात दरवर्षी कुणीतरी काढायचंच आणि मला तिची वाट असायची. तांब्यातला इलेक्ट्रॉन जालकाशी फारसा गुंतत नाही, म्हणून तो बिनधोक वाहतो आणि म्हणूनच तांबं चांगलं वाहक. पण न गुंतणारा चाकोरी कशी पाडणार? शिसं वाहक म्हणून सामान्य, कारण त्यातला इलेक्ट्रॉन जालकाशी पदोपदी अडखळतो. तेच अडखळणं ७.२ केल्विनला जोडी जुळवतं.

दुसऱ्या शंकेचं एकमताचं उत्तर अजून कुणाकडेच नाही. ती शंका हाच या धाग्याचा विषय.

---

चुंबकवाला

मी एमआरआय यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. नाशिक, धुळे, जळगाव हा माझा पट्टा. सिद्धांतातलं मला थोडंच कळतं, पण रोज ज्याला हात लावतो त्याबद्दल लिहितो.

यंत्राच्या पोटात नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी असते. केसाहून बारीक तंतू तांब्यात गुंफलेले, सगळं द्रव हेलियममध्ये बुडवलेलं. यंत्र बसवताना बाहेरून काही तास हळूहळू प्रवाह चढवायचा, शेकडो अँपिअर. हवं ते क्षेत्र आलं की गुंडाळीची दोन टोकं आतल्या आत अतिसंवाहक कळीने जोडायची आणि वीजपुरवठ्याच्या तारा काढून घ्यायच्या. त्यानंतर तो प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. एका रुग्णालयात मी स्वतः चढवलेला प्रवाह नऊ वर्षं झाली, अजून फिरतोय. खोलीत शिरलात की टुक-टुक असा आवाज ऐकू येतो ना, तो हेलियम गार ठेवणाऱ्या शीतकाचा. गुंडाळीला स्वतःला काहीच लागत नाही.

एकदा शीतक बंद पडलेला कुणाच्या लक्षात आलं नाही आणि गुंडाळी क्वेंच झाली. म्हणजे कुठेतरी तार गरम झाली, तिथे रोध आला, रोधामुळे उष्णता, उष्णतेमुळे आणखी रोध. क्षणात सगळं हेलियम उकळलं. वायू झाला की ते साधारण सातशे पट फुगतं. गच्चीवरच्या नळकांड्यातून पांढरा लोट बाहेर पडत होता आणि खालून लोक आग लागली म्हणून ओरडत होते. नऊ केल्विनच्या आत आणि बाहेर यातला फरक मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

माझा प्रश्न असा, की ही तार कुणी सिद्धांतावरून शोधली का? माझ्या माहितीत नाही. मग सिद्धांत बदलला काय, न बदलला काय, माझ्या तारेला फरक पडतो का?

---

घननिळा

सध्या स्वित्झर्लंडमध्ये याच विषयात काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

@चुंबकवाला, तुमचं बरोबर आहे. तुमची तार आणि मोठ्या चुंबकांत वापरतात तो नायोबियम-कथील, दोन्ही प्रयोगशाळेत मिश्रणं करकरून सापडले. नायोबियम-कथील १९५४ चा, म्हणजे बीसीएसच्याही आधीचा. सिद्धांत आधी आणि पदार्थ मागून, असं ठळकपणे घडायला हायड्राइडांपर्यंत थांबावं लागलं. पण आता ते घडलंय, आणि ते जुन्या सिद्धांताच्या जोरावर घडलंय, हा मास्तरांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

@मास्तर, एक दुरुस्ती. बैलगाडीवरून वाचकाला वाटेल की बिस्मथमधले इलेक्ट्रॉन हळू चालतात. तसं नाही. ते अंगाने फार हलके आहेत आणि वेगाने चांगलेच पळतात. कमी आहे ती संख्या, आणि त्यामुळे ऊर्जा. इलेक्ट्रॉनांचा स्वतःचा 'ठोका' आणि जालकाचा ठोका जवळपास एकाच लयीत पडतात, म्हणून 'आधी हा, मग तो' असं वेगळं काढून गणित मांडता येत नाही. मिग्दल यांनी १९५८ मध्ये हे वेगळं काढणं केव्हा चालतं ते सिद्ध केलं होतं, आणि बिस्मथ त्या कुंपणाबाहेर आहे. कुंपणाबाहेर गेलं की चाकोरी नसतेच असंही नाही. आपलं गणित तिथे विश्वासाचं राहत नाही, इतकंच म्हणता येतं.

आणि या वाटेवर बिस्मथ पहिला नाही. स्ट्राँशियम टायटॅनेट १९६४ पासून तिथे उभा आहे. तो मुळात विद्युतरोधक. त्यात चिमूटभर इलेक्ट्रॉन टाकले की काही दशांश केल्विनला अतिसंवाहक होतो, आणि तिथेही फर्मी ऊर्जा कंपनांच्या ऊर्जेहून लहान असू शकते. बिस्मथचं वेगळेपण असं, की त्यात बाहेरून काही मिसळलेलं नाही. शुद्ध मूलद्रव्य, साध्या दाबाला. पळवाट नाही.

---

निवृत्त_मास्तर

@घननिळा, दुरुस्ती मान्य, आभार. गाडी हळू नाही, गाडी आणि चिखल एका लयीत आहेत. नातीला फोन करून आजच सांगतो.

---

कोकणकडा

सगळे बीसीएसला सांभाळून घेताय, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. कॅलिफोर्नियातले होर्हे हर्श, ज्यांनी २००५ मध्ये एच-निर्देशांक (संशोधकाच्या निबंधांचा प्रभाव मोजणारा आकडा) काढला तेच, कित्येक वर्षं म्हणतायत की बीसीएस मुळातच चुकीचं आहे. त्यांचा आक्षेप माइसनर परिणामावर आहे. धातू आधीच चुंबकीय क्षेत्रात ठेवून थंड केला तर पृष्ठभागावर प्रवाह सुरू होतो आणि क्षेत्र बाहेर पडतं. तो प्रवाह कोण सुरू करतं, त्याचा कोनीय संवेग (गोल फिरण्याचा जोर) कुठून येतो, आणि पुन्हा गरम केल्यावर उष्णता न सांडता तो थांबतो कसा? प्रश्न वेडगळ वाटत नाही. मग त्यांना बाजूला का सारतात?

आणि खोलीच्या तापमानाचा अतिसंवाहक म्हणून गाजलेल्या २०२३ च्या एलके-९९ चं काय? त्या वेळी तर सिद्धांत पालटला अशीच हवा होती.

---

घननिळा

हर्श यांचा प्रश्न वेडगळ नाहीच. अवस्था पालटताना प्रवाह नेमका कसा उभा राहतो हे पाठ्यपुस्तकं घाईत उरकतात, ही तक्रार मलाही पटते. पण 'पुस्तकात नीट सांगितलेलं नाही' यावरून 'सिद्धांतच चूक' हे सिद्ध होत नाही. समस्थानिक परिणाम, ऊर्जेतली फट, जोडीच्या दुप्पट भाराचा चुंबकीय प्रवाहावर उमटणारा ठसा, या सगळ्याची पर्यायी संगती लावून दाखवावी लागते. ती त्यांच्या मांडणीतून बहुतेकांना पटलेली नाही. मलाही नाही.

त्यांचं एक ऋण मात्र मानायलाच हवं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने गंधक, कार्बन, हायड्रोजनच्या संयुगात १५ अंश सेल्सिअसला अतिसंवाहकता सापडल्याचा दावा केला. तेव्हा मूळ मोजमापं दाखवा म्हणून हर्श हट्टाने मागे लागले. २०२२ मध्ये 'नेचर'ने तो निबंध मागे घेतला. त्याच गटाचा ल्युटेशियमवरचा २०२३ चा निबंधही त्याच वर्षी मागे गेला.

एलके-९९ चं थोडक्यात. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून दावा आला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही नमुना बनवून पाहिला, अतिसंवाहकता दिसली नाही. रोधातली ती उडी भेसळीला राहिलेल्या तांब्याच्या सल्फाइडची होती. १०० अंश सेल्सिअसच्या थोडं वर त्याची रचना पालटते. सिद्धांताला त्यातून काहीच मिळालं नाही.

---

शेवंती_एमएस्सी

मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घनावस्था हाच विषय. आम्हाला बीसीएस सविस्तर शिकवलं आणि तांब्याच्या ऑक्साइडांवर एक परिच्छेद, तोही 'यंत्रणा अज्ञात' असा. मास्तरांनीही त्यांना हात लावला नाही. खरा पेच तिथे नाही का?

---

घननिळा

आहे. माझे दिवस त्यातच जातात.

१९८६ मध्ये झुरिचजवळ बेडनॉर्झ आणि म्युलर यांना लॅन्थॅनम-बेरियम-तांबं-ऑक्सिजनच्या भाजक्या, ठिसूळ गोळीत ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता सापडली. पुढच्याच वर्षी इट्रियमवाल्या ऑक्साइडात ९३ केल्विन. द्रव नायट्रोजन ७७ ला उकळतो, म्हणजे हेलियमची गरजच संपली. १९८७ मध्येच दोघांना नोबेल मिळालं.

धक्का तापमानाचा होताच, पण त्याहून मोठा धक्का पदार्थाचा होता. मूळ ऑक्साइड विद्युतरोधक. नुसता रोधक नाही. साध्या हिशेबाने तो धातू असायला हवा, पण दर तांब्यापाशी एकेक इलेक्ट्रॉन अडकून बसलेला आणि शेजाऱ्यांच्या नकारामुळे कुणालाच हलता येत नाही. त्याला मॉट रोधक म्हणतात. शेजारच्या इलेक्ट्रॉनांची चुंबकीय तोंडं आलटून पालटून वर-खाली. त्यातून थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतले की जागा होते आणि अतिसंवाहकता येते. म्हणजे बीसीएसमध्ये जी लोटालोटी टाळायची असते, तीच इथे घराची मालकीण आहे.

फिलिप अँडरसन यांनी जानेवारी १९८७ मध्ये बंगळूरच्या परिषदेत मांडलं, की जोड्या आधीपासूनच आहेत. रोधक अवस्थेतच शेजारी इलेक्ट्रॉन जोडीने बांधलेले असतात, जागा झाली की त्या जोड्या वाहू लागतात. त्या कल्पनेवरच्या सुरुवातीच्या निबंधांत चेन्नईच्या जी. बास्करन यांचं नाव अँडरसन यांच्या बरोबरीने आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे यायला हवं.

१९९० च्या दशकात एक गोष्ट नक्की झाली. जोडी इथेही आहे, पण तिचा आकार वेगळा. शिशातली जोडी सगळ्या दिशांना सारखी. ऑक्साइडातली चार पाकळ्यांची, एकाआड एक पाकळीचं चिन्ह उलटं. त्यामुळे दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी येणं आपोआप टळतं. चाकोरी वेळ साधून लोटालोटी टाळते, ही जोडी जागा साधून टाळते.

मग यंत्रणा? हबर्ड प्रतिमान म्हणून अगदी साधं चित्र आहे. चौकटी, इलेक्ट्रॉन शेजारच्या चौकटीत उडी मारतो, एका चौकटीत दोघे आले तर दंड. लिहायला एक ओळ, सोडवायला साठ वर्षं. २०२० मध्ये काटेकोर संगणकी गणनांतून दिसलं, की फक्त शेजारच्याच उड्या धरल्या तर ऑक्साइडांशी जुळणाऱ्या भागात अतिसंवाहकता येत नाही. २०२४ मध्ये तिरक्या चौकटीतली उडी धरली तर ती येते असं दिसलं. इतक्या छोट्या फरकावर हो-नाही अवलंबून आहे. मला स्वतःला जोडीमागे चुंबकीय आदानप्रदान आहे असं वाटतं, आणि कुणी आत्ताच 'सुटलं' म्हणत असेल तर मी मान्य करणार नाही. कारण अतिसंवाहकता येण्याआधीची अवस्था, जिथे रोध तापमानाबरोबर सरळ रेषेत चढत जातो आणि वेगळाले इलेक्ट्रॉन मानताच येत नाहीत, ती कळल्याशिवाय 'कशाची जोडी' हेच सांगता येत नाही. बीसीएसची सुरुवात चांगल्या धातूपासून होते. इथे तो धातूच हाती नाही.

मास्तर, तुमच्या तीन पर्यायांत हा चौथा घाला.

---

निवृत्त_मास्तर

घातला. आणि शेवंती म्हणाली ते खरं, मी ऑक्साइडांना हात लावला नाही. त्यांची एक आठवण आहे, ती सांगूनच टाकतो.

१९८८ मध्ये आम्ही कॉलेजात इट्रियमवाली गोळी करायची ठरवली. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट, तांब्याचं ऑक्साइड. धातूंचं प्रमाण एकास दोनास तीन. अगेटच्या खलात दोन विद्यार्थी आळीपाळीने तास तास घोटत बसायचे. मग वडी दाबून भट्टीत ९४० अंशांना. पहिली वडी बाहेर काढली ती हिरवीगार. भट्टीचा नियंत्रक बिघडला होता, तापमान हजाराच्या वर गेलं होतं आणि संयुग फुटलं होतं. हिरवं म्हणजे फुकट. दुसऱ्या वेळी रात्रभर पाळीने तापमापकाशी बसलो, ऑक्सिजन सोडत सावकाश थंड केली. सकाळी हातात आली ती काळी कुळकुळीत.

द्रव नायट्रोजन तालुक्यात कुठून आणायचा? गुरांच्या दवाखान्यातून. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. डॉक्टरांनी कॅनमधला दोन लिटर काढून दिला. थर्माकोलच्या डबीत वडी ठेवून ओतला, उकळी थांबेपर्यंत वाट पाहिली आणि लाकडी चिमट्याने छोटासा चुंबक वर सोडला. तो टेकलाच नाही. बोटभर नाही, नखभर उंचीवर राहिला, आणि एकाने काडीने टिचकी मारली तर जागच्या जागी गरगर फिरू लागला. शिपाईमामा दारात उभे होते, त्यांनी हात जोडले.

ती वडी अजून माझ्याकडे आहे, सिलिका जेलच्या बाटलीत. दमट हवेने ती खराब होते.

---

शेवंती_एमएस्सी

मास्तर, ती वडी आमच्या विभागात आणाल का? आमच्याकडे चार टोकांनी रोध मोजायची सोय आहे. ९३ ला अजूनही उतरते का बघू. नायट्रोजनचं आम्ही बघतो.

---

निवृत्त_मास्तर

आणतो की. व्यक्तिगत निरोप केला आहे, तारीख कळव. प्रदर्शनाला ठेवायची असेल तर चुंबकही आणतो. खिडक्या उघड्या ठेवा, आणि लोकरीचे हातमोजे नकोत, नायट्रोजन त्यात मुरतो आणि हात भाजतो.